ड्रॅगनला वाट देणारे भालेकरी

मोतेगीनं ड्रॅगनची ताकद पुन्हा एकदा कापली, तेव्हा मी तिच्या शेजारी बसून त्याच ड्रॅगनच्या डरकाळीवर काम करत होते. मी त्याचा आवाज वाढवायचा आणि या बाईनं त्याचे पंख छाटायचे, असा आमचा महिनाभर उद्योग चालला होता. शेवटी मी हेडफोन काढले आणि म्हटलं, "अगं, किती कापशील? आता आणखी कापलंस तर डरकाळीच्या जागी मला कोंबडीचा आवाज टाकावा लागेल."

"तरी जिंकतोयच ना मेला!" पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली.

आमचं ऑफिस फुकुओकात, याकुइन स्टेशनच्या मागे, एका उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, दुकानावर. पंचवीसेक माणसं मिळून डावपेचांचे व्हिडिओ गेम बनवायची. त्या हिवाळ्यात 'सात खिंडी' नावाचा गेम संपत आला होता. दोन फौजा, मध्ये डोंगर, आणि सैनिक म्हणाल तर भालेकरी, तिरंदाज, दलदलीतल्या चेटकिणी, दगडी राक्षस, वर ड्रॅगनस्वार. यातला प्रत्येक जण कुणालातरी भारी पडला पाहिजे आणि त्यालाही कुणीतरी भारी पडलं पाहिजे, हे जुळवत बसणं मोतेगीचं काम. एक जरी सैनिक फाजील ताकदवान झाला की खेळणारे तेवढाच घेऊन खेळतात आणि बाकीच्यांवर घेतलेली आमची मेहनत पाण्यात जाते.

मोतेगी सायो तेव्हा पंचेचाळिशीची. ठेंगणी, कानापर्यंत कापलेले केस, थंडीभर अंगात तोच मोहरीच्या रंगाचा स्वेटर. लग्न एकदा केलं होतं, मोडलं होतं, त्याविषयी ती बोलायची नाही आणि विचारायची कुणाची टापही नव्हती. ऑफिसात तिला मागून 'वजनकाटा' म्हणत. कारण आम्ही सगळे मोत्सुनाबे खायला गेलो की रश्श्यातले आतड्याचे तुकडे कुणाच्या वाटीत किती पडले यावर तिचं बारीक लक्ष. वरिष्ठाच्या वाटीत जास्त गेलेले दिसले तर सरळ चॉपस्टिक्सनं उचलून खालच्याच्या वाटीत टाकायची. वरिष्ठ हसायचा, पण तोंड बघण्यासारखं व्हायचं.

शत्रूचं डोकंही तिच्याच हाती होतं. माणूस एकटा खेळतो तेव्हा समोरची फौज संगणक चालवतो. पुष्कळ गेममध्ये हा शत्रू मुळात ठोंब्या असतो, म्हणून त्याला गुपचूप जादा ताकद देतात. त्याचा भालेकरी तुमच्या भालेकऱ्यापेक्षा दुप्पट मार सोसतो आणि तुम्हाला पत्ताच नसतो. मोतेगीला याची मनस्वी चीड. तिनंच हट्टानं जाहिरातीत एक वाक्य घालून घेतलं होतं: 'शत्रूही तुमच्याच नियमांनी खेळतो.' तेन्जिनमधल्या दुकानांत ती भित्तिपत्रकं लागलीसुद्धा होती. आता शब्द पाळणं भाग होतं.

शत्रूला शिकवण्याची रीत आमच्या तोकुनागानं बसवली होती. हा आमचा प्रोग्रामर, उंच, दोन मुलींचा बाप, स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूष. ऑफिसात आम्ही आपसांत जे सामने खेळायचो त्या सगळ्यांची नोंद व्हायची आणि त्या नोंदी बघून शत्रू चाली शिकायचा. माणसं खेळतात तसा तो खेळणार, ही कल्पना. कल्पनेत खोट काही नव्हती.

आणि आता कोगा शाचो. शाचो म्हणजे आमचे मालक. साठी ओलांडलेले, गोल चेहऱ्याचे, फार भले गृहस्थ. कंपनी त्यांनी दोन मित्रांना घेऊन काढली, पहिल्या गेममधला ड्रॅगन त्यांनी स्वतःच्या हातानं काढला होता. त्यामुळे ड्रॅगन हे त्यांचं लाडकं लेकरू. रोज दुपारच्या जेवणानंतर ते खाली येऊन बसायचे आणि आम्ही आळीपाळीनं त्यांच्याशी एक डाव खेळायचा, ही वर्षानुवर्षांची चाल. त्यांचा खेळ ठरलेला. ड्रॅगनस्वार मधोमध, सगळ्यांच्या पुढे, अगदी वरातीच्या थाटात हळूहळू. शाचो जिंकायचे. समोरचा मान लववून "हरलो" म्हणायचा, आमच्याकडे हरणाऱ्यानं तसं म्हणायचंच असतं. मग शाचो खुशीत येऊन सगळ्यांना उमेगाए-मोची ही तांदळाची गोड मिठाई वाटायचे. मी ती पुष्कळ खाल्ली आहे.

तर शनिवारी आम्ही बाहेरच्या लोकांना गेम खेळायला बोलावलं. तोक्योहून प्रकाशकाचा माणूस, हिराइवा, मुद्दाम आला होता. तरण्याताठ्या पोरांनी ड्रॅगन डोंगराआडून उडवून बघितला आणि तो दोन बाणांत मेला. "हा ड्रॅगन आहे की पतंग?" एकानं विचारलं. मोतेगीचे कान लाल झाले. तेवढ्यात कोपऱ्यातले मियाके आजोबा, निवृत्त बसचालक, आयुष्यात पहिल्यांदा असला गेम खेळत होते, ते जिंकून उठले. त्यांनी काय केलं होतं, तर ड्रॅगन मधोमध ठेवून सावकाश पुढे नेला होता. बस चालवतात तसा.

"मजा आली का आजोबा?" मोतेगीनं विचारलं.

"खरं सांगू बाई? नाही आली," आजोबा म्हणाले. "मी चुकत होतो आणि तोच मागे सरत होता. घरी आलेल्या पाहुण्यासारखा वागवत होता मला. मी हरायला हवं होतं."

हे हिराइवानं ऐकलं. त्यानं मोतेगीला बाजूला घेतलं, पण आवाज बारीक करायची त्याला सवय नव्हती. "मोतेगीसान, महिनाअखेर. तोवर शत्रू सरळ झाला तर ठीक, नाहीतर त्याला जादा ताकद द्यायची आणि मोकळं व्हायचं."

"आणि भित्तिपत्रकावरचं वाक्य?"

"वाक्य कोण वाचतं हो?"

"मी वाचते," ती म्हणाली. "जादा ताकद देणार असाल तर त्या गेमवर माझं नाव नको. आणि या ऑफिसात मीही नको." पोकळ धमकी द्यायची तिची रीत नव्हती. माझ्या शेजारी दुसरं कुणी येऊन बसलं असतं तर मी काय केलं असतं?

सोमवारी सकाळपासून ती आजोबांचा सामना मागे-पुढे करून बघत बसली. दुपारी मला कोपरानं ढोसलं. "ओगाता, हे बघ. या टेकडीवर शत्रूचे तिरंदाज. समोर ड्रॅगन, मोकळा, आंधळ्यालाही दिसेल असा. आणि हे काय करताहेत बघ."

तिरंदाजांनी तोंड फिरवून लांबवर चरणाऱ्या एका सामानाच्या खेचरावर बाण सोडले. खालच्या भालेकऱ्यांनी, ज्यांचा जन्मच ड्रॅगनला खाली ओढण्यासाठी, एक घर मागे सरून अदबीनं वाट करून दिली.

मी हसले. तीही हसली. "थांब. हे मी बघितलंय," ती म्हणाली. "उशिजिमा काका!"

तिचं माहेर ओमुता, कोळशाच्या खाणीचं गाव. आई माजोंगचा, म्हणजे सोंगट्यांच्या जुगाराचा, अड्डा चालवायची, आणि ही शाळेतून आली की कोपऱ्यात बसून गृहपाठ करायची. तिथे कंत्राटदार आपापल्या साहेबांना घेऊन येत. जेवण घालायचं, दारू पाजायची आणि मग खेळात हरायचं. याला आमच्याकडे सेत्ताई म्हणतात. त्यातले उशिजिमा काका म्हणजे कसबी माणूस. साहेबाला नेमकी कोणती सोंगटी हवी ते ओळखून ती नेमकी टाकायचे, आणि टाकल्यावर कपाळावर हात मारून घ्यायचे, "अरेरे, काय केलं मी हे!" साहेब खूष. आई म्हणायची, त्यांच्याइतका चांगला खेळणारा सबंध गावात नाही, म्हणून तर इतक्या सफाईनं हरतात.

"हे भालेकरी उशिजिमा काका आहेत," मोतेगी म्हणाली. "यांना हे कुणी शिकवलं?"

कुणी शिकवलं ते विचारायला ती दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी उभीच राहिली. शाचो अजून वर होते. "मला एक सांगा. शाचोंशी मुद्दाम कोण हरतं?"

सगळ्यांच्या माना डब्यांत. कुणीतरी मुळ्याचं लोणचं इतकं सावकाश चावलं की तो आवाज मला नोंदवून ठेवावासा वाटला.

"मुद्दाम असं नाही," शेवटी तोकुनागा म्हणाला. "पण ते डाव हरले की दिवसभर गप्प बसतात. म्हणून मी आपला तिरंदाज जरा दुसरीकडे..."

"तू पण?" चित्रं काढणारा इनादोमे ओरडला. "मला वाटलं मी एकटाच! मी भालेकरी मागे घेतो."

मग काय, बांध फुटला. जो तो आपापली युक्ती सांगायला लागला, आणि प्रत्येकाची इतके दिवस समजूत ही, की एवढं मोठं मन आपलं एकट्याचंच. नोंदींतले दोन तृतीयांश सामने शाचोंचे होते. म्हणजे आमच्या शत्रूनं इमानेइतबारे अभ्यास करून जी विद्या मिळवली ती एवढीच: मधोमध ड्रॅगन संथपणे येताना दिसला की साहेब आले समजायचं आणि वाट सोडायची. आकडे सांगत होते ड्रॅगन अजिंक्य, म्हणून मोतेगी त्याला कापत होती, आणि तो बिचारा खरा केव्हाच मेला होता.

"ओगातासान, तुम्ही?" तोकुनागानं विचारलं.

"मी काय? मला खेळता येत नाही. या सबंध ऑफिसात शाचोंशी प्रामाणिकपणे हरणारी मी एकटी," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

तोकुनागाचं म्हणणं, ते सामने गुपचूप काढून टाकू. पण ते काढले तर शत्रूला शिकायला पुरेसं उरतच नव्हतं. मग उपशाचो सागारा म्हणाले, "असं करा, आजपासून सगळ्यांनी खरं खेळा. फक्त शाचोंना कारण कळता कामा नये. त्यांना फार लागेल."

"ते हरायला लागले की म्हणतील ड्रॅगन बिघडला, ताकद वाढवा," मोतेगी म्हणाली. "मग मी काय सांगू? पुन्हा खोटं? त्यांना सांगावंच लागेल."

"कोण सांगणार?"

"तुम्ही कुणी सांगणार आहात का?"

पुन्हा माना डब्यांत. आमच्या लोकांचं हे मला कधी सोसत नाही. दुसऱ्याचं मन राखायचं म्हणून त्याला वर्षानुवर्षं वेडा बनवतील, पण तोंड उघडणार नाहीत. मी चिडून तसं बोललेही. मग सगळे माझ्याकडे आशेनं बघायला लागले, तेव्हा मीही गप्प बसले.

मोतेगी आजवर शाचोंशी कधी खेळली नव्हती. सैनिकांची ताकद ठरवणारी ती, म्हणजे पंच, म्हणून तिला सूट होती. त्या दुपारी ती स्वतःहून समोर जाऊन बसली. शाचोंना कोण आनंद! "अरे वा, आज वजनकाटा स्वतः मैदानात!" म्हणजे ते नाव त्यांनाही ठाऊक होतं.

वरात निघाली. मोतेगीच्या तिरंदाजांनी टेकडी धरली, भालेकरी जागचे हलले नाहीत, आणि पहिल्याच चकमकीत ड्रॅगन खाली आला. मीच केलेली त्याची मरतानाची किंकाळी मला पहिल्यांदा ऐकवेना. शाचो म्हणाले, "पुन्हा." पुन्हा तेच झालं. मोची तशीच पुडक्यात पडून होती.

"मोतेगीसान," शाचोंनी हळूच विचारलं, "माझं काही चुकलं का? रागावला आहात माझ्यावर?"

"नाही शाचो. मी खेळतेय." तिचे हात मांडीवर घट्ट आवळलेले मला दिसत होते. "इथे कुणी तुमच्याशी खेळत नाही. सगळे हरतात. तुमचं मन राखायला. आणि ते बघून शत्रूही तेच शिकला."

ती थांबली नाही, थांबली असती तर पुढे बोलवलं नसतं तिला. "मी लहान असताना आईच्या अड्ड्यावर शोगीचं बुद्धिबळ खेळायचे. मालकिणीची पोर म्हणून मोठी मोठी माणसं माझ्याशी हरायची. मला वाटायचं माझ्यासारखी मीच. फुकुओकाला स्पर्धेला आले आणि पहिल्याच डावात माझ्याहून लहान मुलीनं मला झोपवलं. हरल्याचं काही नाही शाचो. पण आधीचा एकही डाव माझा नव्हता, हे कळलं ना, ते आजही जात नाही. त्यांनी माझं भलंच चिंतलं होतं. पण माझं जिंकणं ते चोरून घेऊन गेले."

शाचो उठले, कोट चढवला आणि कुणाकडेही न बघता निघून गेले. "हरलो" न म्हणता. असं आमच्याकडे लहान मूलसुद्धा करत नाही.

सागारा मोतेगीवर असे ओरडले की खालचा उदोनवाला जिन्यात येऊन बघून गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं, जागेवर बसली आणि ड्रॅगनचे कापलेले आकडे एकेक करून तपासायला लागली. मी तिच्यापुढे चहा ठेवला तर म्हणाली, "चुकलं का गं माझं?" मी म्हटलं, "बोललीस ते बरोबर. पण मला भीती वाटतेय." "मलाही," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

दोन दिवस शाचो आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी सकाळी पोचले तर ते सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले, दाढी वाढलेली. मोतेगी आत आली तशी ते उभे राहिले आणि तिच्यापुढे खोल वाकले. "त्या दिवशी म्हणायचं राहिलं. हरलो."

मग आमच्याकडे वळले. "मी स्वतः एका गिऱ्हाइकाशी गोल्फमध्ये कितीतरी वर्षं हरलोय. चेंडू पाण्यात कसा घालवायचा ते मला चांगलं येतं. आणि तुमचं मला दिसलं नाही! म्हणजे मला बघायचंच नव्हतं." त्यांच्या आवाजात राग होता की दुःख ते कळेना, बहुधा दोन्ही. "आजपासून जो माझ्याशी मुद्दाम हरेल, त्यानं महिनाभर फ्रिज धुवायचा."

त्यानंतरचे दिवस काय वर्णावे! सगळी भिडस्त माणसं कित्येक वर्षांची उसनवारी फेडायला बसावी तशी खेळायला लागली. शाचो रोज हरायचे, चिडायचे, लाल व्हायचे, "पुन्हा" म्हणायचे. इनादोमेनं त्यांना इतकं ठोकलं की त्यालाच रडू फुटलं. फक्त माझ्याशी ते जिंकले आणि डोळे बारीक करून म्हणाले, "ओगातासान, खरं सांगा." शपथ घेऊनही पटेना, फ्रिज मी एकदा धुतलाच.

खरे सामने साठले तसा आकड्यांवरचा पडदा दूर झाला. ड्रॅगन खरोखरच मेलेला होता. मोतेगीनं त्याची कापलेली ताकद थोडी थोडी परत दिली, एक घास द्यायचा, दोन दिवस बघायचं, मग पुढचा. तोकुनागानं शत्रूला नव्या नोंदींवर पुन्हा शिकवलं. मियाके आजोबांना परत बोलावलं, ते सपाटून हरले आणि घरी जायचं नाव घेईनात.

महिनाअखेरीला हिराइवा आला. बाकी सगळं बघून झाल्यावर म्हणाला, "शेवटची परीक्षा. शाचो, तुम्ही तुमच्या पद्धतीनं खेळा. ड्रॅगन मधोमध. शत्रू पुन्हा वाट सोडतो का बघतो मी."

शाचो बसले. पहिला डाव हरले. दुसराही हरले, पण बराच वेळ टिकून. तिसऱ्या डावात त्यांनी ड्रॅगन नेहमीसारखाच सावकाश पुढे काढला, पण त्याच्या दोन्ही अंगांना चेटकिणी धुकं सोडत चालल्या होत्या. टेकडीवरून बाण आले. भालेकरी चालून आले. शाचोंच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. शेवटी मैदानात एकच ड्रॅगनस्वार उरला, जेमतेम जिवंत, शाचोंचा. पडद्यावर 'विजय' उमटलं.

टाळी कुणी वाजवली नाही. सगळ्यांच्या मनात एकच शंका. हिराइवानं मोतेगीकडे बघितलं.

शाचो खुर्चीतच वळले. पाय जमिनीला टेकत नसलेल्या पोराचं असावं तसं तोंड झालं होतं त्यांचं. "मोतेगीसान, हा कुणी दिलेला नाही ना?"

ती पुढे झाली, सामना मागे नेला आणि सुरुवातीपासून बघायला लागली. टेकडीवरचा प्रत्येक बाण, भालेकऱ्यांचं प्रत्येक पाऊल. आम्ही सगळे ताटकळत उभे. शाचो हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. ती मन राखायला बोलणार नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून तर तिला विचारलं होतं.

तिनं शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "सगळे बाण तुमच्यावरच आहेत शाचो. एकानंही वाट सोडलेली नाही. हा तुमचा आहे."

म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि सगळ्यांदेखत रडला. हिराइवा काहीतरी बोलायला गेला, मी त्याच्या पायावर पाय दिला.

मोतेगी पडद्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली, जिथे शत्रू बसला असता तिथे. स्वेटर नीट केला, शाचोंच्या समोर मान लववली आणि शत्रूच्या वतीनं म्हणाली, "हरलो."